फर्ग्युसनसाहेब कोण होते?

(हातकणंगले येथे शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत दिलेले व्याख्यान)



आज मी तुमच्यापुढे एका गोऱ्या सरदाराचे चरित्र सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, आपल्या जोतीरावांची, शाहू महाराजांची चरित्रे सांगावयाची सोडून हा परक्याच्या घरची वंशावळ काय सांगत बसला? तुमची शंका रास्त आहे. पण असे पाहा, या तालुक्यातल्या एखाद्या कुणब्याच्या पोराला पुण्याच्या मोठ्या कॉलेजात जागा मिळाली की त्याची आई चारचौघींत मान वर करून सांगते, “आमचा बाळू फर्ग्युसनला आहे.” बाळू फर्ग्युसनला आहे याचा मलाही आनंद आहे. पण फर्ग्युसन कोण, हे ना बाळूच्या आईला ठाऊक, ना बाळूला. तिथल्या रस्त्याला नामदार गोखल्यांचे नाव दिले, तरी लोक तो फर्ग्युसनचाच रस्ता म्हणतात. इतके ते नाव जिभेवर बसले आहे.

नाव पाटीवर आपोआप चढत नाही. कोणीतरी ते चढवतो, कोणत्या तरी मतलबाने चढवतो, आणि पाटीला लागणारा खिळा कोणाच्या तरी पैशाचा असतो. तो पैसा कोणाचा, हे विचारण्याची सवय आपल्या लोकांना नाही. ती सवय लागावी म्हणून हे चरित्र.

सर जेम्स फर्ग्युसन यांचा जन्म १८३२ साली स्कॉटलंडात एडिंबरो शहरी झाला. त्यांचे घराणे एअरशायर परगण्यातल्या किलकेरनचे. घराण्याला बॅरोनेटचा किताब होता. हा किताब आपल्याकडच्या वतनासारखा, बापामागून थोरल्या मुलाकडे जाणारा. १८४९ साली वडील वारले आणि सतराव्या वर्षी जेम्ससाहेब किलकेरनचे सहावे बॅरोनेट झाले. आपल्याकडे सतरा वर्षांच्या पोराचा बाप मेला तर त्याच्या गळ्यात सावकाराचे खत पडते. त्यांच्या गळ्यात किताब पडला.

रग्बीच्या नामांकित शाळेत त्यांचे शिक्षण झाले. पुढे ते ऑक्सफर्डास गेले, पण पदवी न घेताच बाहेर पडले आणि ग्रेनेडियर गार्ड्स या राणीच्या खास पलटणीत अधिकारी झाले. आता एक गोष्ट नीट ऐका. त्या काळी विलायतेत पायदळातली आणि घोडदळातली अधिकाराची जागा पैसे मोजून विकत मिळे. कप्तानाची जागा इतक्याला, त्यावरची इतक्याला, असा ठरीव भाव असे. गरीब शेतकऱ्याचा मुलगा कितीही शूर असो, तो शिपायाचा शिपाईच राहावयाचा. ही खरेदी-विक्री १८७१ साली बंद झाली. म्हणजे आपल्याला न्याय आणि गुणाचे धडे देणारे साहेब लोक स्वतःच्या घरी त्या वेळेपर्यंत जन्म आणि पैसा यांचीच पूजा करीत होते. भट-भिक्षुकांनी जन्माची शिडी बांधली, तशी त्यांच्या देशातल्या सरदारांनीही बांधली होती. शिडीची लाकडे वेगळी, पण खालच्या पायरीवरच्या माणसाच्या डोक्यावर पाय देण्याची रीत एकच.

तरी माणसाचे गुण नाकारू नयेत. साहेब भित्रे नव्हते. रशियाबरोबरच्या क्रिमियाच्या लढाईत ५ नोव्हेंबर १८५४ रोजी इंकरमन येथे दाट धुक्यात घनघोर रण माजले. त्यात साहेब जखमी झाले. त्याच लढाईत त्यांचा मित्र हंटर ब्लेअर मारला गेला. हा ब्लेअर एअरशायरचा पार्लमेंटातला सभासद होता. त्याची जागा रिकामी झाली आणि लढाईवर असतानाच बावीस वर्षांच्या फर्ग्युसनसाहेबांना त्या जागेवर निवडून देण्यात आले. एका सरदाराची खुर्ची दुसऱ्या सरदाराकडे गेली. त्या परगण्यातल्या नांगऱ्याला त्या वेळी मताचा अधिकारही नव्हता.

आता चरित्रातला असा भाग येतो की, तो ऐकताना मराठ्यांच्या मुलखातल्या माणसाने कान टवकारावेत. १८५९ साली साहेबांचे लग्न झाले. वधू लेडी ईडिथ. तिचा बाप कोण? लॉर्ड डलहौसी! दत्तक नामंजूर करून ज्याने १८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा केले, शिवछत्रपतींच्या गादीला ज्याने कागदाच्या एका फटकाऱ्याने कुलूप लावले, तोच हा डलहौसी. पुढे झाशी आणि नागपूर यांचीही तीच गत त्याने केली. अशा माणसाचा जावई तेहतीस वर्षांच्या आतच आपल्या मुंबई इलाख्याचा धनी होऊन आला. घराणी एकमेकांत सोयरिकी करून राज्ये कशी हाती ठेवतात, हे आपल्या लोकांना सांगावयास नको. आपल्याकडे देशपांडे-कुलकर्ण्यांचे दप्तर जसे नात्यागोत्यात फिरे, तसे त्यांच्याकडे देशच्या देश फिरत.

मुंबईस येण्यापूर्वी साहेब दक्षिण ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर होते, १८६९ ते १८७३. तिथे एका गावाला जेम्सटाऊन आणि दुसऱ्याला राणीसाहेबांच्या नावाने ईडिथबर्ग अशी नावे पडली. ज्या मूळ रहिवाशांची ती जमीन, त्यांची नावे नकाशावरून पुसली गेली. पुढे १८७३-७४ मध्ये साहेब न्यूझीलंडचे गव्हर्नर झाले. तिथेही माओरी लोकांच्या जमिनी गोऱ्या वसाहतवाल्यांच्या घशात गेल्या होत्या. एका खंडातून दुसऱ्या खंडात माणूस बदलीवर जावा तसा हा सरदार राज्य करण्याच्या बदलीवर फिरत होता. त्याला जोंधळा कसा पेरतात हे ठाऊक असण्याची गरज नव्हती. सही करता आली म्हणजे पुरे.

२८ एप्रिल १८८० रोजी ते मुंबईचे गव्हर्नर झाले. पगार सालीना लाखाच्या वर. त्या वेळी आपल्या मुलखाची दशा काय होती? १८७६ ते १८७८ या सालांत भयंकर दुष्काळ पडून गेला होता. त्याच्या आधी १८७५ साली सुप्यापासून शेतकऱ्यांचे बंड उठून पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांची खतपत्रे जाळली गेली होती. १८७९ साली सरकारने दक्षिणी शेतकऱ्यांचा कायदा केला. कोर्टाने खताच्या पाठीमागचा खरा हिशेब पाहावा, कर्जासाठी कुणब्याला तुरुंगात घालू नये, अशा काही चांगल्या गोष्टी त्यात होत्या. पण सावकार काढला तर बी-बियाण्याला पैसा देणार कोण? विल्यम वेडरबर्न नावाच्या एका भल्या इंग्रज अधिकाऱ्याने पुरंदर तालुक्यात शेतकऱ्यांची पेढी काढण्याची योजना १८८२ च्या सुमारास पुढे आणली. न्यायमूर्ती रानड्यांनीही तिचा पुरस्कार केला. ती अखेर विलायतेच्या भारतमंत्र्याने नाकारली. कुणब्याच्या दुखण्यावरचे औषध सात समुद्रांपलीकडच्या मेजावर अडकले. पुढे सहकारी पतपेढ्यांचा कायदा होण्यास १९०४ साल उजाडले. आज आपण सोसायटीच्या दारात उभे राहतो, त्या सोसायटीला निदान वीस वर्षे उशीर झाला तो असा.

आता शिक्षणाकडे वळू. खालसा मुलखातला शेतकरी सारा भरी, आणि साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड वेगळा भरी. त्या आण्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे चार पै, शाळांसाठी असा नियम होता. मग शाळा कोठे होत्या? मोठ्या गावी होत्या. तिथे मास्तर कोण? बहुधा ज्याला कुणब्याच्या पोराच्या अंगाचा वास सहन होत नसे असा. अतिशूद्राच्या लेकराला तर दाराबाहेर उभे राहण्याचीही मारामार.

१८८२ साली हंटरसाहेबांचे शिक्षण कमिशन बसले. त्यापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी पुण्याहून आपले निवेदन दिले. प्रत्येक खेडुताने ते समजून घ्यावे, इतके ते मोलाचे आहे. त्यांचे म्हणणे असे होते की सरकारच्या तिजोरीतला पैसा रयतेच्या घामाचा आहे, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उंच शिक्षणावर. वरून ज्ञान आपोआप खाली झिरपेल ही आशा फोल आहे. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. मोडी आणि बालबोध वाचन-लेखन शिकवा, हिशेब शिकवा, शेतीचे आणि आरोग्याचे ज्ञान द्या. आणि मास्तर असा नेमा की त्याला लोकांत मिळूनमिसळून वागता येईल, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरता येईल. बंधूंनो, मास्तराच्या हाती नांगर आणि वाकस असावा ही कल्पना त्या काळच्या कोणाही पदवीधराच्या डोक्यात आली नव्हती. ती फुलमाळ्याच्या पोराला सुचली, कारण त्याला घाम ठाऊक होता.

या निवेदनाचे काय झाले? कमिशनने प्राथमिक शाळा लोकल बोर्डांच्या आणि म्युनिसिपालिट्यांच्या गळ्यात बांधल्या, खाजगी संस्थांना अनुदान देण्याची वाट रुंद केली, आणि सक्तीचा प्रश्न बाजूस ठेवला. १८८४ साली मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा कायदा झाला. त्या बोर्डांवर मुख्यत्वे इनामदार, वकील आणि सावकार बसले. आणा भरणाऱ्याला बोर्डाचे दार दुरूनच दिसले.

१८८३ साली जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. त्याचा काही भाग नारायणराव लोखंड्यांच्या ‘दीनबंधू’त छापला गेला. १८८४ साली याच लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, अशा साध्या मागण्या होत्या. हे सारे फर्ग्युसनसाहेबांच्या अमदानीत घडले. पण त्या अमदानीचे नाव आज कशाने टिकले आहे? कुणब्याच्या शाळेने नाही, मजुराच्या सुटीने नाही. ते टिकले आहे एका कॉलेजाने.

ती हकीगत अशी. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलच्या चालकांनी २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापिली आणि २ जानेवारी १८८५ रोजी कॉलेज सुरू केले. गव्हर्नरांचा आश्रय मिळावा, सरकारी मर्जी राहावी म्हणून कॉलेजाला त्यांचे नाव दिले. साहेबांनीही खिशातून देणगी दिली. शिवाय कोल्हापूर आणि दक्षिणेतली इतर संस्थाने यांच्याही देणग्या आल्या. आता संस्थानाची देणगी म्हणजे काय? संस्थानिक काही नांगर धरीत नव्हता. ती देणगी आळत्याच्या, वडगावच्या, शिरोळच्या रयतेच्या साऱ्यातून गेली. याचा अर्थ असा की आपल्या पणज्या-खापरपणज्यांच्या मोटेचे पाणी त्या कॉलेजाच्या पायात मुरले आहे. ज्यांनी ते काढले त्यांच्या त्यागाला मी कमी लेखीत नाही. तुटपुंज्या पगारावर त्यांनी जन्म वेचला. पण पुढे कित्येक वर्षे त्या वर्गांत बसणारी मुले कोणत्या घरची होती, हे विचारण्याचा हक्क मोट हाकणाऱ्याला आहे की नाही?

आता याच अमदानीतली, आपल्या करवीर गादीच्या काळजाला घर पाडणारी गोष्ट सांगतो. कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० साली विलायतेच्या प्रवासाहून परतताना इटलीत फ्लॉरेन्स शहरी वारले. त्यांच्या मागे दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज अवघे वीस वर्षांचे तरुण. त्यांस वेड लागले आहे असे ठरवून कारभार इतरांच्या हाती दिला गेला. मुंबई सरकारच्या देखरेखीखाली १८८३ साली त्यांना नगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवले, आणि तिथे २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराजांचा अंत झाला. साऱ्या ख्रिस्ती जगाचा तो नाताळचा दिवस. छत्रपतींच्या गादीचा धनी एका सोजिराच्या हातून जातो आणि मुंबई सरकारचे चाक घटकाभरही थांबत नाही. त्या सरकारच्या माथ्यावर कोण बसले होते? डलहौसीचे जावई, सर जेम्स फर्ग्युसन. मारा म्हणून त्यांनी हुकूम दिला असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे असत्य होईल, आणि सत्यशोधकाने वैऱ्याविषयीही असत्य बोलू नये. पण राजा ज्याच्या ताब्यात, त्याच्या जिवाची जोखीम त्याच्याच माथी.

याच महाराजांच्या छळाबद्दल ‘केसरी’ आणि ‘मराठा’ पत्रांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर लेख लिहिले. बर्व्यांनी फिर्याद केली. ज्या पत्रांच्या आधारावर लेख लिहिले होते ती बनावट ठरली, आणि जुलै १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. पैकी १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. त्या वेळी दहा हजारांचा जामीन कोणी दिला? जोतीरावांच्या शब्दाखातर रामशेठ उरवणे यांनी. सुटकेच्या दिवशी डोंगरीच्या दारात स्वागताला लोखंडे आणि सत्यशोधक मंडळी उभी होती. छत्रपतींसाठी झटणारा ब्राह्मण का असेना, त्याच्यामागे आपली माणसे उभी राहिली. आपले भांडण जातीच्या माणसाशी नाही, जन्माच्या मक्तेदारीशी आहे, याचा याहून मोठा दाखला कोणता? पुढे वेदोक्ताच्या प्रकरणी टिळकांनी शाहू महाराजांच्या विरुद्ध बाजू घेतली, हेही तितकेच खरे. आपण दोन्ही लक्षात ठेवावे. एकच लक्षात ठेवणे हे सोयीचे असते, सत्याचे नसते.

मग १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या जयसिंगराव घाटग्यांचे चिरंजीव यशवंतराव गादीवर दत्तक आले. तेच आपले शाहू महाराज. सासऱ्याने दत्तक नामंजूर करून साताऱ्याची गादी बुडवली. जावयाच्या अमदानीत दत्तक मंजूर होऊन करवीरची गादी टिकली. हा जावयाचा दयाळूपणा नव्हे. मध्ये १८५७ चा वणवा पेटून गेला होता, आणि त्याच्या धाकाने राणीच्या सरकारला दत्तकाच्या सनदा द्याव्या लागल्या होत्या. राज्यकर्त्याचे मन बदलत नाही, रयतेचा धाक त्याचे धोरण बदलतो.

साहेबांच्या खाजगी आयुष्यावरही दुःखाचे घाले पडले. ईडिथबाई १८७१ साली ऑस्ट्रेलियात वारल्या. दुसरी पत्नी ऑलिव्ह, ती जानेवारी १८८२ मध्ये मुंबईत पटकीच्या रोगाने गेली. गव्हर्नराच्या बंगल्यात वैद्य, डॉक्टर, स्वच्छ पाणी, सारे काही. तरी पटकी आत शिरली. याच पटकीने आपली गावेच्या गावे बसत. मरीआईचा गाडा शिवेबाहेर लोटून आपण दुसऱ्या गावाकडे पाठवीत असू. साहेबांच्या दुःखाला मी हसत नाही. मृत्यूपुढे बॅरोनेट आणि बलुतेदार सारखे. पण यातून एक धडा घ्या. घाण पाणी कोणाची जात विचारीत नाही. ज्या राज्यात खेड्याची विहीर घाण राहते, त्या राज्यात राजवाडाही सुरक्षित नसतो. जोतीरावांनी शाळेत आरोग्याचे ज्ञान शिकवा म्हणून सांगितले ते उगाच नाही.

मार्च १८८५ मध्ये साहेब परत गेले. पुढे वीस वर्षे मँचेस्टरतर्फे पार्लमेंटात राहिले, १८९१-९२ मध्ये विलायतेच्या टपाल खात्याचे मंत्री झाले. १४ जानेवारी १९०७ रोजी वेस्ट इंडीजमधल्या जमैका बेटावर किंग्स्टन शहरी मोठा भूकंप झाला, त्यात ते मरण पावले. त्यांचा मुलगा सर चार्ल्स फौजेत जनरल होऊन १९२४ ते १९३० न्यूझीलंडचा गव्हर्नर-जनरल झाला. नातू बर्नार्ड, तोही फौजी अधिकारी, १९६२ ते १९६७ त्याच जागेवर बसला. आजा, बाप, नातू! एकाच देशावर एकाच घराच्या तीन पिढ्या. तिथला गावकामगार पाटील तीन पिढ्या पाटील राहिला असता तर हेच साहेब लोक त्याला मागासलेली वतनदारी म्हणाले असते.

असो. तर साहेबांचे चरित्र हे असे. दुष्ट माणूस? नाही. शूर, उद्योगी, आपल्या कामाला इमानी असा माणूस. पण त्याची इमानदारी कोणाशी होती, हा प्रश्न आहे. भले माणसे वाईट घडीवर बसली की घडी भली होत नाही, माणसाचा भलेपणा वाया जातो. म्हणून लाटसाहेब चांगला की वाईट यावर वाद घालू नका. घडी कोणी बसवली आणि तिचा भार कोणाच्या पाठीवर, एवढे पाहा.

आता आपल्या बाजूचा जमाखर्च मांडतो. जोतीरावांनी १८८२ साली मागितलेले सक्तीचे व मोफत शिक्षण ज्या पोराला फर्ग्युसनच्या अमदानीत गादीवर बसवले, त्यानेच १९१७ साली करवीर राज्यात सुरू केले. पस्तीस वर्षांनी. त्याआधी १९०२ साली निम्म्या नोकऱ्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. साऱ्या हिंदुस्थानात सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. जोतीरावांच्या निवेदनानंतर तब्बल एकशे सत्तावीस वर्षांनी! एका माळ्याचे शहाणपण देशाच्या ध्यानी येण्यास चार पिढ्या जाव्या लागल्या.

आणि कॉलेजाची दारेही कायमची बंद राहिली नाहीत. जमखिंडीचा एक गरीब मराठ्याचा मुलगा फर्ग्युसन कॉलेजात शिकून १८९८ साली बी. ए. झाला. ते कर्मवीर विठ्ठल रामजी शिंदे. अस्पृश्यतानिवारणासाठी आयुष्य झिजवणारा हा पुरुष त्याच इमारतीतून बाहेर पडला. म्हणजे विहीर दुसऱ्याने खणली म्हणून पाणी कडू होत नाही. पाण्यावरचा पहारा हटवावा लागतो, इतकेच.

पहारा हटवणारा दुसरा वीर तर याच तालुक्याचा. इथून जवळ कुंभोज. २२ सप्टेंबर १८८७ रोजी, फर्ग्युसनसाहेब गेल्यानंतर दोनच वर्षांनी, तिथे आजोळी भाऊराव पाटील जन्मले. जैन घरातले पोर. मॅट्रिकची पायरीही न ओलांडलेल्या या माणसाने १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, त्यात महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान अशी सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवू लागली. त्या वसतिगृहाला शाहू छत्रपतींचे नाव मिळाले. १९४७ साली साताऱ्यात कॉलेज काढले, त्याला नाव दिले छत्रपती शिवाजींचे. ज्या साताऱ्याची गादी डलहौसीने बुडवली, त्या साताऱ्यात कुंभोजच्या पोराने रयतेच्या मूठमूठ धान्यावर शिवछत्रपतींच्या नावाने विद्येची गादी उभी केली. ही गादी दत्तकावाचून चालते, कारण तिथे शिकणारे प्रत्येक पोर तिचे वारस आहे.

पुण्यातली पाटी बदला असे सांगण्यास मी आलो नाही. पाट्या बदलून पोट भरत नाही. गव्हर्नराचे नाव तिथे राहू द्या, पण ते वाचताना आपल्या बापजाद्यांचा चार पैचा हिशेब आठवू द्या. ज्याला हिशेब आठवतो तो फसत नाही.

आता शेवटी कामाचे बोलतो. २००९ च्या कायद्याप्रमाणे अनुदानाच्या आणि सरकारी प्रत्येक प्राथमिक शाळेला व्यवस्थापन समिती असते. तिच्यात निदान बारा आणे, म्हणजे पाऊण हिस्सा, आईबाप असले पाहिजेत, आणि समितीत निम्म्या बाया असल्या पाहिजेत. १८८४ च्या बोर्डावर आपला आजा बसू शकला नाही. आज ही खुर्ची कायद्याने आपली आहे. मग त्या खुर्चीवर आपण बसतो का? सभेची चिठ्ठी येते तेव्हा आपण ऊस तोडीला असतो, मागावर असतो, बाजारात असतो. सही मागाहून घरी येते आणि आपण न वाचता करतो. न वाचता केलेल्या सहीने आपल्या आज्याची जमीन गेली. न वाचता केलेल्या सहीने नातवाची शाळा जाईल.

म्हणून माझी तुम्हांस हात जोडून विनंती आहे. हुपरीच्या चांदीच्या कारागिराने, इचलकरंजीच्या विणकराने, रुकडी-अतिग्र्याच्या शेतकऱ्याने महिन्यातला अर्धा दिवस गावच्या शाळेसाठी राखावा. मास्तर येतो का, पोरगी पाचवीनंतर घरी बसवली का, पिण्याचे पाणी स्वच्छ आहे का, आलेला पैसा कशावर गेला, हे विचारावे. नम्रपणे विचारावे, पण विचारावे. आणि आयांनो, तुम्ही पुढे बसा. सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा चालवली, तेच हे साल, ज्या साली डलहौसीने सातारा घेतला. एका बाजूस राज्य गेले, दुसऱ्या बाजूस पाटी-पेन्सिल आली. गेलेले राज्य परत आले नाही. पाटी-पेन्सिल मात्र आपल्या हातात आहे, ती सोडू नका.

इतके बोलून मी आपली रजा घेतो. सत्याचा जय असो.